इतकं स्वच्छ चित्र

१

नणंदेच्या हनुवटीवरून चहा ओघळत होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

जबडेबाईंनी हातातला रुमाल पुढे केला. नणंदेने तो घेतला, उजवीकडून हनुवटी पुसली आणि तो परत दिला. डावीकडची धार तशीच राहिली.

जबडेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या कॉलेजात त्यांनी उभी हयात एकच विषय शिकवला, जबड्याची चित्रं वाचायची कशी. पोरांनी पहिल्याच वर्षी हे बारसं केलं आणि ते नाव त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन घरी आलं. आता सासरची माणसंसुद्धा त्यांना त्याच नावाने चिडवायची. धाकटी नणंद तर सगळ्यांत पुढे. एका वाद्यवृंदात ती बासरी वाजवायची आणि घरी शिकवणी घ्यायची. एरवी ती दारातूनच ओरडायची, "जबडेबाई, आ करू का?" आज ती गुपचूप येऊन खुर्चीत बसली होती.

"काल दुपारी इम्प्लांट बसवलं," ती म्हणाली. शब्द जरा लडबडत होते. "खालच्या डाव्या दाढेच्या जागी. भूल संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाले. रात्र गेली, सकाळ झाली. ओठ नाहीच, वहिनी. म्हणजे आरशात आहे, पण मला नाही."

"दवाखान्यात फोन केलास?"

"केला. म्हणाले, सूज आहे, उतरेल, आठ दिवस थांबा. बसवल्यावर लगेच स्कॅन काढलाय, सगळं जागच्या जागी आहे म्हणे." तिने पिशवीतून बासरी काढली, ओठाला लावली आणि फुंकली. सूर निघाला नाही, नुसती हवा निघाली. तिने बासरी मांडीवर ठेवली. "वहिनी, मी आठ दिवस थांबू ना?"

जबडेबाई ताडकन उठल्या. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक बोगदा जातो, त्यातून ओठाची नस जाते. इम्प्लांटचा स्क्रू, म्हणजे नवा दात ज्यावर बसवायचा तो हाडातला खुंट, त्या बोगद्यात घुसला असेल, तर तो लगेच, फार तर दुसऱ्या दिवशी, काढावा लागतो. त्यानंतर जितका उशीर, तितकी आशा कमी. आठ दिवसांनी काढला काय आणि ठेवला काय, सारखंच.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "चहा राहू दे."

२

दवाखाना ऐसपैस होता. काचेचं दार, पांढऱ्या भिंती, एका कोपऱ्यात थ्रीडी स्कॅनचं यंत्र. माणसाला उभं करायचं, हनुवटी टेकवायची; यंत्र डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालतं आणि जबडा जसाच्या तसा पडद्यावर उभा राहतो. मग त्या पडद्यावरच आधी इम्प्लांट बसवून बघायचं, किती खोल, किती तिरकं. ते ठरलं की त्या मापाचं प्लास्टिकचं गाईड थ्रीडी प्रिंटरवर छापायचं. ते दातांवर टोपीसारखं बसतं, त्यात एक नळी असते आणि ड्रिल त्या नळीतून जाईल तितकंच जातं. हात चुकायला वावच नाही.

मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. दवाखाना त्यांचा आणि शस्त्रक्रियाही त्यांचीच. पिकले केस, खणखणीत आवाज.

"मॅडम, तुमच्या नणंदबाई? आधी बोलायचं नाही का! या, तुम्हाला दाखवतो, म्हणजे तुमचीही काळजी मिटेल."

पडद्यावर नणंदेचा जबडा आला. जबडेबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि सवयीप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली. उजवीकडच्या एका दाढेत जुनी चांदी भरलेली होती. दिव्याभोवती फुटावीत तशी तिच्याभोवती किरणं फुटली होती. मग पुढचे दात. मग डावीकडे रिकाम्या दाढेची जागा, त्यात इम्प्लांटचा स्क्रू, देखणा, रेखीव. त्याच्या टोकाखाली चांगलं जाडजूड हाड आणि त्याच्याही खाली नसेचा बोगदा.

"बघितलंत?" मोठे डॉक्टर म्हणाले. "नस कुठे, स्क्रू कुठे! इतकं स्वच्छ चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. माझं काम संपलं आणि मी हात धुऊन येतोय तोवर आमच्या धाकट्या डॉक्टरांनी हे समोर धरलं. मी मनावरचं ओझं उतरल्यासारखा बाहेर पडलो."

"मग ओठ का बधिर?"

"सूज. दाब. दुसरं काय असणार?"

"पुन्हा एक स्कॅन काढू या."

मोठ्या डॉक्टरांचं हसू जरा आखडलं. "काल काढलाय, मॅडम. आज पुन्हा किरणांचा मारा कशाला? तुम्हीच शिकवायचात ना, गरजेशिवाय काढू नका?"

त्यांचं बरोबर होतं. चित्र बरोबर होतं, मापं बरोबर होती. तरी जबडेबाईंना त्या चित्रात काहीतरी खुपत होतं. ओळखीच्या घरात कुणीतरी एक खुर्ची हलवून ठेवावी, तसं. कुठली खुर्ची, ते मात्र लक्षात येत नव्हतं.

शेजारी उभ्या नणंदेने हळूच विचारलं, "वहिनी, म्हणजे सगळं ठीक आहे?"



३

"मला तुमच्या माणसांशी बोलू द्या," जबडेबाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणता आलं नाही.

स्कॅन काढणाऱ्या ताई यंत्रापाशीच होत्या. हात जोडल्यासारखे करत त्या बोलू लागल्या.

"मॅडम, मी नेहमीसारखाच काढला. बाई बिचाऱ्या थकल्या होत्या. रक्त थांबायला डावीकडे बोळा दिलेला, तो तोंडातच होता. काढू का म्हटलं तर मानेनेच नको म्हणाल्या. दात मिटत नव्हते, तशाच उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं, चित्र आत पाठवलं आणि पुढच्या पेशंटला घेतलं."

"तुम्ही ते चित्र पाहिलंत?"

"छे हो! आलं की नाही तेवढं बघते. वाचणं तुमचं काम."

धाकटी डॉक्टर आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली होती. जबडेबाईंना पाहून ती उभी राहिली आणि वाकून पाया पडली. ती त्यांची विद्यार्थिनी होती आणि साधीसुधी नव्हे. एवढ्या वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या पोरांना चित्र आतून दिसतं, त्यांतली ती. इथे इम्प्लांटची आखणी तीच करायची.

"बाई, तुमच्या नातलग आहेत हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

"माहीत असतं तर काय वेगळं केलं असतंस?"

"तसं नाही, बाई..."

"आखणी सांग."

तिने घडाघडा सांगितली. आधी एक आखणी केली होती, पण मग पुन्हा पाहताना लक्षात आलं की या बाईंची नस पुढे येता येता वर चढते. म्हणून दुसरी आखणी केली आणि स्क्रू बराच वर घेतला. "दुसरीचंच गाईड छापलं. त्याच्याबरहुकूमच बसलंय, बाई. काल स्कॅन आला तेव्हा मी आधी तेच तपासलं. स्क्रूभोवती चकाकी होती, नस शोधायला जरा वेळ लागला, पण अंतर आहे."

"हं," जबडेबाई म्हणाल्या. "ते गाईड कुठाय?"

"ट्रेमध्येच असेल. जपून ठेवायचा नियम आहे."

ट्रे आणला. चिमटे होते, ड्रिल होते, बाकी सगळं सामान होतं. गाईड नव्हतं.

४

मोठे डॉक्टर भडकले. "गेलं कुठे? काल माझ्या हाताने ठेवलंय मी!"

गाईडं छापायचं काम मागच्या खोलीत चालायचं. तिथे प्रिंटरच्या घरघरीत एक मध्यमवयीन गृहस्थ काम करत असे. सगळे त्याला प्रिंटरवाला म्हणत. जबडेबाई आत गेल्या तेव्हा तो छापलेला एक प्लास्टिकचा जबडा घासत होता. घासून गुळगुळीत झाला तरी घासतच होता.

"काका, गाईड तुमच्याकडे आहे," जबडेबाई म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "माझी चूक नाही, मॅडम."

"मी कुठे म्हटलं?"

"म्हणतील ना! सकाळी फोन आला, ओठ बधिर आहे म्हणून. आता गळा कुणाचा सापडणार? गरिबाचा, दुसरा कुणाचा?" त्याने खणातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. "हे मी उचलून ठेवलं. फेकून नाही दिलं, उचलून ठेवलं. का, तर उद्या मोजायची वेळ आली तर सगळ्यांसमोर मोजा. मला जी आखणी आली ती मी छापली."

"दुसरी आखणी?"

तो बघतच राहिला. "दुसरी? मला एकच आली. दुसरी कुठली?"

जबडेबाईंनी गाईड उजेडात धरलं. दुधी प्लास्टिकच्या कडेला बारीक आकडा छापलेला होता: १. त्यांनी नळीची उंची पट्टीवर घेतली, धाकटीने सांगितलेल्या मापाशी ताडून पाहिली आणि खुर्चीत बसल्या.

गाईड पहिल्या आखणीचं होतं. खोल आखणीचं. या नळीतून गेलेलं ड्रिल थेट नसेच्या बोगद्यात उतरणार, यात शंकाच नव्हती. पण पडद्यावरचं चित्र सांगत होतं की स्क्रू वर आहे, नसेपासून चांगला लांब.

एकाच स्क्रूला दोन जागा असत नाहीत. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. गाईड किंवा चित्र.

आणि प्लास्टिकला खोटं बोलता येत नाही.

५

त्या जवळजवळ धावतच पडद्यापाशी आल्या. मागोमाग मोठे डॉक्टर आले. नणंद खुर्चीत गाल धरून बसली होती. डावा गाल टम्म सुजलेला.

जबडेबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"डॉक्टर, ही बाई तुमच्या खुर्चीतून उठली तेव्हा गाल असाच होता?"

"थोडा कमी. पण सुजायला लागला होता."

"चित्रातला बघा. दोन्ही गाल सारखे. आणि बोळा कुठाय? तुमच्या ताई सांगतात, तोंडात बोळा होता, दात मिटत नव्हते. इथे दात नीट एकमेकांवर टेकलेत." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे बघा. ही उजवीकडची चांदीची दाढ. एवढीशी चांदी, पण किती किरणं फेकतेय. धातू आला की स्कॅनमध्ये चकाकी येते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. आता डावीकडे या. चांदीच्या कितीतरी पट मोठा धातूचा स्क्रू. त्याची चकाकी कुठाय?"

मोठ्या डॉक्टरांनी मान पुढे केली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"इतकं स्वच्छ चित्र तुम्ही आजवर पाहिलं नव्हतंत, बरोबर आहे," जबडेबाई म्हणाल्या. "कारण हा स्क्रू हाडात नाहीच. कॉम्प्युटरने काढलेला आहे. हा शस्त्रक्रियेच्या आधीचा जुना स्कॅन आहे आणि त्याच्यावर आखणीतला स्क्रू ठेवलाय. कालचा खरा स्कॅन तुम्ही अजून पाहिलेलाच नाही."

नणंद उठून उभी राहिली. "म्हणजे खरा स्क्रू कुठे आहे?"

"ते आत्ता कळेल. डॉक्टर, यंत्र चालू करा."

या वेळी मोठे डॉक्टर किरणांच्या माऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. यंत्राने नणंदेच्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घातली. पडद्यावर जबडा उगवला, सुजलेल्या गालासकट, चकाकीसकट. त्या चकाकीतूनही दिसायचं ते दिसलं. स्क्रूचं टोक बोगद्याचं छप्पर फोडून आत शिरलं होतं.

मोठे डॉक्टर पडद्याजवळ वाकले. "मी गाईडवर विसंबलो," ते पुटपुटले.

"हात तुमचा होता, डॉक्टर," जबडेबाई म्हणाल्या. "पण ते नंतर. आधी तो बाहेर काढा. आत्ता. ही नस आपल्यासाठी वाट बघत बसणार नाही."

६

भूल चढेपर्यंत चार-पाच मिनिटं होती. हातमोजे चढवता चढवता मोठे डॉक्टर दबल्या आवाजात म्हणाले, "प्रिंटरवाल्याने गाईड लपवलं. चित्रही त्यानेच बदललं असणार. त्या खोलीत कॉम्प्युटर आहेच."

"नाही," जबडेबाई म्हणाल्या. "खोट्या चित्रात दुसऱ्या आखणीचा स्क्रू आहे, वर घेतलेला. दुसरी आखणी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. जी गोष्ट हातात नाही ती चित्रात कशी घालणार?"

"मग ताई?"

"त्यांनी आपणहून बोळ्याची गोष्ट सांगितली. चित्र बदलणारी बाई ते कशाला बोलेल? आणि मी तुमचाही विचार केला, खोटं कशाला सांगू. स्कॅन नको म्हणालात तेव्हा तर जास्तच. पण तुम्ही माझं लक्ष मुद्दाम चित्राच्या स्वच्छपणाकडे वेधलंत. चोर आपल्या हाताने कंदील धरत नाही."

मोठ्या डॉक्टरांचा हात मोज्यात अर्धाच गेलेला राहिला. उरलेलं नाव घ्यायची गरज नव्हती.

धाकटी डॉक्टर दारातच उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"तू मला म्हणालीस, स्क्रूभोवती चकाकी होती," जबडेबाई तिच्याकडे वळल्या. "या चित्रात ती नाही. मग तू कुठल्या चित्रात पाहिलीस, बाळा?"

तिथेच दाराच्या चौकटीला टेकून धाकटी खाली बसली.

"दुसरी आखणी केली," ती म्हणाली, "आणि छापायला पहिलीच पाठवली. कसं झालं, मला नाही माहीत. काल स्कॅन उघडला आणि पायाखालची जमीन सरकली. सर बाहेर हात धूत होते, नळाचा आवाज येत होता. मला वाटलं, नळ बंद झाला की संपलं. मी जुना स्कॅन उघडला, त्याच्यावर दुसरी आखणी चढवली आणि सरांपुढे धरला. म्हटलं, सकाळी सांगेन. कदाचित नुसताच स्पर्श झाला असेल, कदाचित सकाळपर्यंत ओठ जागा होईल. सकाळी त्यांचा फोन आला. आणि माझी जीभच उचलेना."

जबडेबाईंना संताप येत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. चूक कुणाच्या हातून होत नाही? पाठवण्याची चूक त्यांनी एका श्वासात माफ केली असती. पण ही पोर रात्रभर जागी राहिली होती, नस चिरडली जाते आहे हे तिला ठाऊक होतं. वर्गात पहिल्या बाकावर बसून तिनेच वहीत लिहून घेतलं होतं, उशीर म्हणजे काय ते.

"बाई, मला आत येऊ द्या. नस मी ओळखते, मी मदत करते..."

"नको." हा आवाज खुर्चीतून आला. नणंदेने सगळं ऐकलं होतं. अर्ध्या ओठाने, लडबडत, पण शब्द चुकू न देता ती म्हणाली, "ती माझ्या जवळ यायला नको."

धाकटी उठली आणि बाहेर गेली.

मोठ्या डॉक्टरांनी अवजार हातात घेतलं. पाना उलटा फिरवावा तसा स्क्रू हळूहळू वर येऊ लागला. जबडेबाईंनी नणंदेचा हात धरून ठेवला होता. स्क्रू निघाला तेव्हा टोकाला रक्ताचा ठिपका होता. डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये टाकला. केवढासा आवाज, पण खोलीतली सगळी माणसं दचकली.

"आता?" नणंदेने विचारलं.

"आता औषधं," मोठे डॉक्टर म्हणाले, "आणि वाट पाहायची. खात्री देत नाही, बाई. आज कसलीच खात्री द्यायचा मला अधिकार नाही."

७

पुढे जे व्हायचं ते झालं. जबडेबाईंनी घडलं तसं सगळं वैद्यकीय मंडळाला कळवलं, विद्यार्थिनीचं नाव न वगळता. धाकटीने चौकशीत काही नाकारलं नाही. तिचं काम काही काळापुरतं बंद झालं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःलाही सोडलं नाही. आता ते प्रत्येक गाईड हातात घेऊन आखणीशी ताडतात, मगच तोंडात घालतात, असं ताई सांगत होत्या.

नणंद मात्र गप्प गप्प झाली. वाद्यवृंदात तिच्या जागी दुसरा बसला. शिकवणीला येणाऱ्या मुलांना ती टाळ्या वाजवून ताल दाखवायची, सूर ऐकून चुका सांगायची, स्वतः वाजवायची नाही. "जबडेबाई, आ करू का?" हेही बंद झालं. आठवडे गेले. हनुवटीवर मुंग्या येतात म्हणाली, तेव्हा जबडेबाईंनी फार आशा दाखवली नाही. आशा दाखवणं सोपं असतं, परत घेणं अवघड.

एका दुपारी जबडेबाई कपडे वाळत घालत होत्या तेव्हा फोन वाजला.

"वहिनी!" नणंद किंचाळली. "ओठ चावला गं!"

"काय?"

"जेवताना. डावीकडचा. कचकन. रक्त आलं, आणि वहिनी, काय दुखतंय, काय दुखतंय, डोळ्यांतून पाणी आलं बघ!" ती रडत होती आणि हसत होती, त्यातलं किती दुखण्याचं, ते तिचं तिलाच ठाऊक.

जबडेबाई हातातल्या ओल्या कपड्यासकट मटकन पायरीवर बसल्या.

बऱ्याच वेळाने पलीकडचं रडणं थांबलं. नणंदेने नाक ओढलं.

"त्या पोरीला कळव," ती म्हणाली.

"तूच सांग ना. तुझ्या तोंडून ऐकलं तर..."

"नाही. मी नाही सांगणार. एवढं मोठं मन नाही माझं." तिने पुन्हा एकदा नाक ओढलं. "पण तू आजच कळव."